साडेतीस सेकंद

माझ्या सत्तावीसवर कुणीतरी हिरव्या शाईनं काट मारली होती आणि वर लिहिलं होतं, साडेतीस. कुणीतरी कसलं, आमच्यात हिरवं पेन एकच माणूस खिशाला लावतो. वाएलच्या दातांच्या दवाखान्यामागची ती खोली, भिंतीवर मी मंगळवारी स्वतः चिकटवलेला तक्ता, आणि बुधवारी त्यावर ही काट. हातात तामियाच्या वड्यांची पुडी होती, खांद्यावर पिशवी होती, दोन्ही तशीच धरून मी त्या आकड्याकडे बघत राहिले. आधी कानांच्या पाळ्या तापल्या, मग मान, मग सगळं अंग. वाईट वाटलं नाही, राग आला, आणि राग आल्याचं बरं वाटलं, कारण वाईट वाटलं की मी गप्प बसते हे मला माहीत आहे. सत्तावीस मी अंदाजानं लिहिलेला नव्हता. हजार मीटर उंची, पंधरा अंश तापमान, इंधन अर्धं आणि तेही गोठवलेलं, म्हणजे उडताना वजन कमी होत नाही. विमानाचं नाक उत्तरेला आलं की घड्याळ सुरू, वळत वळत पुन्हा उत्तरेला आलं की बंद, मधे उंची ढळता कामा नये. असे नऊ फेरे. सगळ्यात मंद आणि सगळ्यात जलद फेरा टाकून द्यायचा, उरलेल्या सातांची सरासरी काढायची. जुनं हलकं मिग एफ-तेरा, सव्वीस सेकंद. त्याच्या नंतरचं जड पण जास्त ताकदीच्या इंजिनाचं मिग एमएफ, सत्तावीस. दोघांत फरक एका सेकंदाचा. हे सगळं संगणकातलं, सिम्युलेटरमधलं, खेळातलं म्हणा हवं तर. पण मोजलं ते मी मोजलं होतं, आणि काट मारणाऱ्यानं एकही फेरा मारला नव्हता.

हिरव्या पेनवाले तहसीन पाशा एमएफमध्ये बसतच नाहीत. वय सत्त्याहत्तर, हवाई दलातून जनरल होऊन निवृत्त झालेले, त्र्याहत्तरच्या लढाईत खरंखुरं एफ-तेरा उडवलेले. आम्ही आठजण दर शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर त्या खोलीत जमतो. वाएलनं दवाखान्यातली मोडीत निघालेली दातांची खुर्ची आत आणून तिला जॉयस्टिक आणि पेडल बसवलीत, आणि त्या खुर्चीवर पहिला मान पाशांचा. इतक्या वर्षांत मी त्यांना त्या पडद्यावर एफ-तेराच उडवताना पाहिलंय. एमएफचं नाव काढलं की ते भिंतीवरच्या फोटोकडे हनुवटी करतात. फोटोत कॅप्टन फहमी आहेत, शर्टाची बाही दुमडलेली, हसतायत. ते लढाईत पाशांचे मोरके होते, एमएफमध्ये होते, आणि कालव्यापलीकडे, शत्रूच्या हद्दीत, विमानासकट पडले. पाशा त्यांच्या मागे एफ-तेरामध्ये होते, ते परत आले. ‘विमानानं मारला त्याला,’ असं पाशा म्हणतात, ‘गाय होती ती, वळायचंच नाही.’ हे वाक्य आमच्या खोलीत इतक्या वेळा बोललं गेलंय की नवा आलेला माणूसही आठवड्याभरात एमएफला गाय म्हणायला लागतो. मीही म्हणत होते, मोजेपर्यंत.

वाएल हातमोजे काढत आत आला आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यानं पुडीतला एक वडा उचलला. मी काही विचारायच्या आत तो खाता खाता सांगायला लागला की पाशा सकाळी येऊन गेले, दहा मिनिटं तक्त्यासमोर उभे होते, चहाही घेतला नाही. अहवाल शुक्रवारी संध्याकाळपर्यंत जायलाच हवा होता. सिम्युलेटर बनवणाऱ्या परदेशी कंपनीनं एमएफबद्दल माहिती मागवली होती. प्रत्येक आकड्यासोबत कुठल्या स्थितीत मोजला ते आणि त्याचा आधार काय ते, कागदपत्र किंवा साक्षीदार. त्यानंतर तो आकडा विमानात कायमचा बसणार, आणि जगातल्या ज्या ज्या घरात कुणी एमएफ उडवेल तिथं ते तसंच वळणार. आधार म्हणून पाशांइतकी वजनदार सही आमच्यापैकी कुणाचीच नव्हती.

“इंजिनियरबाई, सोडून द्या ना,” वाएल म्हणाला. “साडेतीन सेकंदांसाठी म्हाताऱ्याशी भांडणार?”

“साडेतीन सेकंदांत माणूस मरतो, असं तुमचा म्हाताराच सांगतो.”

“ते तिथं होते, इरिनी. आपण नव्हतो.”

मी म्हटलं, मीटर बसवला तेव्हा मीही तिथं नसते, तरी तो चुकीचा चालतोय हे मला कळतं. तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतेय. पण मी चोवीस वर्षं पाणी खात्याच्या प्रयोगशाळेत मीटर तपासते, आणि ट्रामनं घरी जाताना मला तेच आठवत राहिलं, की लोक किती खात्रीनं येतात. आमच्याकडे इतकं पाणी येतच नाही, तुमचा मीटरच धावतो. मी तो मीटर बाकावर लावते, शंभर लिटर सोडते, आणि तो शंभर दाखवतो. मग ते माझ्याकडे असं बघतात की मीच त्यांचं पाणी प्याले. मला अशा बघण्याची सवय आहे. मला सवय नव्हती ती पाशांच्या हिरव्या शाईची. कारण मला त्या खोलीत आणलं पाशांनीच. माझे बाबा, उस्ता म्हणजे कारागीर मक्रम, त्यांच्याच तळावर विमानांचे फिटर होते. बाबा गेले तेव्हा पाशा चर्चमध्ये आले होते, गुडघे दुखत असूनही पूर्ण प्रार्थना होईपर्यंत उभे राहिले, आणि बाहेर पायरीवर मला म्हणाले, तुझ्या बापाचे हात सोन्याचे होते पोरी, कधी एकटं वाटलं तर आमच्याकडे ये. मला एकटं वाटत होतं. मी गेले. तिथं गेल्यावर मला विमानं आवडायला लागली, आणि विमानांपेक्षा मोजणं आवडलं, आणि पन्नाशीच्या जवळ आलेल्या, लग्न न केलेल्या बाईला शुक्रवारी दुपारी जायला एक जागा झाली. ही जागा घालवायची का, असा तो प्रश्न होता. ट्राममध्ये खिडकीतून खारा वारा येत होता आणि माझ्या शेजारची बाई वाटाणे सोलत होती, आणि मी ठरवलं, घालवावी लागली तर घालवीन.

गुरुवारी मी रजा टाकली. वाएलकडून किल्ली घेतली आणि सकाळी नऊपासून त्या दातांच्या खुर्चीत बसले. साडेतीस हा आकडा कुठल्याच मार्गानं येत नाही हे मला दाखवायचं होतं. पलीकडे दवाखान्यात ड्रिल सुरू व्हायचं, थांबायचं, कुणीतरी कण्हायचं. मी तापमान चाळीस केलं, विरळ हवेत इंजिन दमतं म्हणून. साडेसत्तावीस. आतलं इंधन काठोकाठ भरलं. अठ्ठावीस. पंखांखाली चार क्षेपणास्त्रं टांगली, ती घेऊन वळले. एकोणतीसच्या जरा अलीकडे. मनात मी पाशांशी भांडत होते, बघा, तुमची गाय एवढं ओझं घेऊनही वळते, अजून काय लादू तिच्यावर, तुमचं सामान लादू? मला मजा येत होती, खोटं कशाला सांगू. दुपारी एकदा घाईत माझी उंची गेली आणि विमान वाळूत घुसलं. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, तापमान पंधरा, इंधन अर्धं, पंख रिकामे, सगळं मूळ जागी, आणि अंग सैल करायला म्हणून एक साधा फेरा मारला. विमान हाताला जड लागलं. नाक उत्तरेला येईना. मी मोजत होते, सत्तावीस गेले, अठ्ठावीस गेले, एकोणतीस गेले, आणि उत्तर आली तेव्हा घड्याळात साडेतीस होते.

मी पुन्हा मारला. साडेतीस. तिसऱ्यांदा मारला. तीस आणि वर थोडं. मग मी बाहेरून बघायचं बटण दाबलं आणि विमानाच्या पोटाखाली जादा इंधनाची टाकी दिसली. ही चूक आमच्यातला प्रत्येकजण कधी ना कधी करतो. विमान आपटलं आणि नव्यानं सुरुवात केली की सिम्युलेटर आपण बदललेलं सामान विसरतो आणि ती टाकी परत लावून देतो. पंख बसल्या जागेवरून दिसतात, पोट दिसत नाही. लांबवर जायचं तर खरी विमानंही ती टाकी घेऊन जायची, आणि शत्रू दिसला की वैमानिक पहिलं बटण दाबायचा ते टाकी खाली पाडायचं. ती न पाडता कुणी लढत नाही. म्हणून आम्ही तिच्याशिवायच मोजतो. मला आधी हसू आलं, मग माझा हात स्टिकवरून आपोआप निघाला. पाशांचा आकडा चुकीचा नव्हता. साडेतीस त्यांनी पाहिले होते, लढाईत, फहमींच्या मागून. फक्त ते एमएफचे नव्हते, टाकी लटकलेल्या एमएफचे होते. फहमींची टाकी पडली नव्हती. आणि फहमींच्या विमानाचे फिटर माझे बाबा होते.

ते मला कुणी सांगावं लागलं नाही. बाबांच्या शेल्फवर लहानपणापासून एक फोटो होता, त्यात बाबा त्याच दुमडलेल्या बाहीच्या माणसाशेजारी उभे आहेत, हातात पाना. आणि माझ्या बाबांची ती खोड. आमच्या घरात कुठलीच गोष्ट घट्ट लावलेली नसायची. बरणीचं झाकण बाबा येता जाता सैल करून ठेवत, मुरंब्यात मुंग्या होत आणि आई डोक्याला हात लावी. दाराची कडी लावायच्या आधी तीनदा काढून बघत. शाळेच्या दारात, सगळ्या मुलींसमोर, ते माझ्या दप्तराचं बक्कल उघडून बघत, सुटतंय ना, सुटतंय ना, आणि मी लाजेनं मरून जायची. कुठली वस्तू पडेल अशी भीती त्यांना कधीच नव्हती. अडकेल, सुटणार नाही, याची होती. हवाई दल सोडून ते स्टोव्ह दुरुस्त करत बसले, आणि शेवटी हॉस्पिटलात, शुद्ध येत जात असताना, पलंगाच्या बाजूचा दांडा खाली पाडायची कळ ते दाबत राहायचे, दाबत राहायचे, नर्स वैतागून दांडा वर करायची आणि ते पुन्हा दाबायचे. मी त्यांच्या हातावर चापट मारली होती. एकदाच, पण मारली होती. खुर्चीत बसून मला ती चापट माझ्या तळव्यात लागली, तिथंच, इतक्या वर्षांनी.

त्या दुपारी माझ्यापुढे दोन सोपे रस्ते होते. एक म्हणजे हिरव्या शाईला हो म्हणायचं. एमएफ जगभर गाय होईल, बाबांच्या हातांवर कुणी बोट ठेवणार नाही, माझा शुक्रवार शाबूत राहील. दुसरा म्हणजे नुसतं सत्तावीस पाठवायचं, टाकीबद्दल अवाक्षर न काढता, आणि विमान गाय नव्हतं तर फहमी मेले कसे हे लोकांनी एकमेकांना विचारत बसावं. दोन्हींत मला गप्प बसायचं होतं. मी उठले, त्या खोलीत येरझाऱ्या घातल्या, थंड झालेला वडा खाल्ला, आणि मला जाणवलं की मी चिडलेय, बुधवारपेक्षा जास्त, आणि बाबांवर नाही. बाबांनी काय केलं असेल ते कुणालाच कळणार नाही. टाकीच्या कडीत वाळू गेली असेल, ती उडवून सोडवणारं काडतूस ओलं झालं असेल, पाना पाव वळसा जास्त फिरला असेल. हाताचं काम करणाऱ्याच्या हातून हे होतं, माझ्याही होतं. पण वरून कुणीतरी ती टाकी पाहिली होती आणि पन्नास वर्षं विमानाला शिव्या देत बसलं होतं. एका बिचाऱ्या विमानाला, ज्याला तोंड नाही. मी बसले आणि अहवालात एक ओळ वाढवली.

शुक्रवारी मी मुद्दाम तासभर आधी गेले. पाशा आलेले होते, मला माहीत होतं ते येणार. वाएल खाली ब्रेड आणायला गेला होता. पाशा फोटोखालच्या खुर्चीत काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते, आणि मला बघून त्यांनी विचारलं की पोरी, तक्ता नीट केलास का. मी पर्समधून कागद काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. एमएफ, टाकीशिवाय, सत्तावीस. त्याखाली, एमएफ, टाकी लटकलेली, साडेतीस. ते वाचत असताना मी त्यांच्या टकलाकडे बघत होते. तिथली एक शीर वर आली.

“हे तुला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. मी मोजलं.”

त्यांनी कागदाची घडी केली, पुन्हा उघडली. मग ते फार हळू, जवळजवळ समजावणीच्या सुरात बोलू लागले. त्यांच्या स्क्वाड्रनमध्ये रीत होती, मोरक्या वळायला लागला की मागच्यानं मोजायचं, म्हणजे कुठल्या क्षणी आत घुसायचं ते कळतं. ते वरून मोजत होते. तीस म्हणाले तेव्हाही फहमीचं नाक उत्तरेला आलं नव्हतं, आणि एकतीस म्हणायला तो नव्हता. परत आल्यावर त्यांनी चौकशीत विमानावर बोट ठेवलं. फिटरचं नाव आलं असतं तर लढाईच्या दिवसांत त्याला गोळीच घातली असती. “मक्रमची बायको तेव्हा नवी नवरी होती,” ते म्हणाले. “मी तुझ्या बापासाठी केलं हे, पोरी. ती ओळ काढ.”

“बाबांनी तुम्हाला कधी विचारलं होतं?”

त्यांनी काठीच्या मुठीवर अंगठा फिरवला. विचारलं होतं, म्हणाले. त्याच संध्याकाळी, धावपट्टीच्या कडेला. पाशा, टाकी पडली होती ना, असं. “आणि मी म्हटलं, पडली.”

मला वाटलं होतं मी ओरडेन. माझा आवाज उलट अगदी कचेरीतला निघाला, खिडकीवर तक्रार घेऊन आलेल्या माणसाशी बोलतो तसा. मी म्हटलं, “त्यांचा विश्वास बसला नाही तुमच्यावर. मरेपर्यंत ते प्रत्येक कडी सोडवून बघत होते. तुम्ही खरं सांगितलं असतं तर एकदा रडून मोकळे झाले असते. माझ्या बापावर हा उपकार मला नको.”

“तुला नको असेल. त्याला हवा होता.”

“तुम्हाला हवा होता. तुम्ही वरून टाकी पाहिली, पाशा. रेडिओ होता तुमच्याकडे. फहमींना सांगितलं का नाही?”

खालून ट्रामची घंटा आली. पाशांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, ते कोरडे होते आणि फार मोठे झाले होते.

“मी मोजत होतो,” ते म्हणाले.

मला त्यांची दया आली, हे मी लपवत नाही. पंचवीस-सव्वीस वर्षांचा एक मुलगा, तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा, शिकवलं तसं बरोबर मोजतोय, बारा, तेरा, चौदा, आणि बोलायला विसरलाय. पण दया आली म्हणून मी ती ओळ काढणार नव्हते. मी संगणक चालू केला. एमएफ निवडलं. तापमान, इंधन, पंख, आणि मग बाहेरून बघायचं बटण दाबून पोट दोनदा बघितलं. रिकामं होतं. मी दातांच्या खुर्चीची पाठ सरळ केली आणि म्हटलं, बसा.

ते बसणार नाहीत असं मला वाटलं. त्यांनी काठी भिंतीला लावली आणि बसले. त्यांनी स्टिक हातात घेतली. हजार मीटरवर विमान सरळ धरून त्यांनी नाक उत्तरेला आणलं, आणि मला न विचारता डावीकडे वळवलं. पडद्यावर वाळवंट तिरकं झालं. मी मोजायला सुरुवात केली, मोठ्यानं. दहापर्यंत त्यांचे खांदे कानाला लागलेले होते. पंधराला त्यांनी मान मागे वळवून वर बघितलं, जिथं कुणीच नव्हतं. वीसला मला त्यांचा श्वास ऐकू आला. मी आवाज खाली येऊ दिला नाही, चोवीस, पंचवीस, सव्वीस, आणि सत्तावीस म्हणताना होकायंत्राचा काटा उत्तरेवरून गेला. उंची जराही ढळली नव्हती. ते थांबले नाहीत. त्यांनी दुसरा फेरा सुरू केला, मग तिसरा, आणि मी प्रत्येक वेळी पहिल्यापासून मोजलं, प्रत्येक वेळी सत्तावीसला ते उत्तरेला होते. वाएल ब्रेड घेऊन दारात येऊन उभा राहिला होता. त्याच्यामागे बाकीचेही आले होते. कुणी आत पाऊल टाकलं नाही.

“वळतंय,” पाशा म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही. “हे चांगलं वळतंय.”

त्यांनी विमान सरळ केलं आणि स्टिक सोडून दिली. मी अहवाल उघडला. दोन्ही ओळी होत्या. दुसरीच्या स्थितीच्या रकान्यात मी लिहिलं होतं, पोटाखालची टाकी पडली नाही, बसवणारा फिटर मक्रम. त्यापुढचा आधाराचा रकाना पाशांना बसल्या जागेवरून दिसत नव्हता. चष्मा कपाळावर सरकवून ते पडद्याच्या दिशेनं वाकले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

“साक्षीदार म्हणून माझं नाव घाल.”

“ते मी कालच घातलंय,” मी म्हटलं, आणि अहवाल पाठवून दिला.